अकरा फुंकणाऱ्यांसाठी नोटेशन कसं बसवायचं

प्रश्न थोडक्यात असा. सातारा जिल्ह्यातल्या एका गावच्या तरुण बँडमास्तरांकडे तीन ट्रम्पेट आहेत (त्यातला एक पोरगा अजून शिकतोय), दोन क्लॅरिनेट, एक आल्टो सॅक्सोफोन, दोन ई फ्लॅट हॉर्न, दोन युफोनियम आणि एक ट्रॉम्बोन. शिवाय साइड ड्रम, बेस ड्रम, झांज. त्यांनी इंटरनेटवरून इंग्लंडच्या ब्रास बँडचे छापील संच उतरवून घेतले, पण वाजवल्यावर आवाज पोकळ येतो. अभंग-भावगीतांचं बँडसाठीचं नोटेशन तयार मिळत नाही. मग आपलं आपण कसं लिहायचं, सुरुवात कुठून करायची, आणि गाण्यांच्या हक्कांचं काय?

मास्तर, आधी त्या संचांचा हिशेब करू. इंग्लंडच्या ब्रास बँडमध्ये पितळी वाद्यं पंचवीस असतात. एक ई फ्लॅट सोप्रानो कॉर्नेट, नऊ बी फ्लॅट कॉर्नेट, एक फ्लूगल, तीन टेनर हॉर्न, दोन बॅरिटोन, दोन युफोनियम, तीन ट्रॉम्बोन आणि चार बेस. क्लॅरिनेट नाही, सॅक्सोफोन नाही. लिहिणाऱ्याने चाल, आधार आणि भराव या पंचवीस जणांत वाटून टाकलेला असतो. त्यातले अकरा कागद उचलले की कुठल्या तरी स्वरसंगतीचा मधला स्वर गायब होतो, कुठे बेसच नसतो. पोकळ वाजणारच, तुमच्या पोरांचा त्यात दोष नाही.

तरी ते संच फेकू नका. त्या पद्धतीत बेस ट्रॉम्बोन सोडला तर सगळ्यांचे कागद ट्रेबल क्लेफमध्ये (पाच रेघांवर स्वर वाचायच्या एकाच पद्धतीत) असतात, त्यामुळे वाद्य बदललं तरी लिहिलेल्या स्वराची बोटं तीच राहतात. त्याचा फायदा असा, की कॉर्नेटचा कागद क्लॅरिनेटला जसाच्या तसा चालतो, कारण दोन्ही बी फ्लॅट, म्हणजे कागदावरचा सी दोघांवर बी फ्लॅट वाजतो. टेनर हॉर्नचा कागद आल्टो सॅक्सला चालतो, दोन्ही ई फ्लॅट आणि वाजणारं सप्तकही तेच. बी फ्लॅट बेसचा कागद दुसऱ्या युफोनियमला द्या, तो एक सप्तक वर वाजेल, पण बोटं तीच. ई फ्लॅट बेसचा मात्र देऊ नका, तो पुन्हा उतरवून लिहावा लागतो. एवढ्यावर परेडचे मार्च निभावतात. पण तुमचा खरा धंदा वरात, यात्रा आणि विसर्जनाचा. तिथे हातानेच लिहावं लागेल.

लिहायला बसताना गाणं नंतर उघडा. आधी एका कागदावर अकरा जणांची नावं लिहा, आणि प्रत्येकापुढे तो तासभर वाजवून झाल्यावरही कुठला वरचा स्वर स्वच्छ काढतो ते लिहा. ताज्या दमावर काढलेला स्वर धरू नका. ट्रम्पेटचा चांगला गडी लिहिलेल्या वरच्या ए पर्यंत जातो, दुसरा जी पर्यंत, आणि शिकणाऱ्या पोराला सी ते जी एवढे पाचच स्वर द्या, पण ते त्याचे हक्काचे असू द्या. खाली लिहिलेल्या मधल्या सी च्या खाली ट्रम्पेटला नेऊ नका. हॉलमध्ये ते ऐकू येतं, रस्त्यावर जनरेटरच्या आवाजात विरून जातं.

आता सगळ्यात मोठा निर्णय म्हणजे सा कुठे ठेवायचा. इथेच निम्मी नोटेशनं बिघडतात, कारण लिहिणारा पेटीवर किंवा कॅसिओवर मूळ गाण्याची पट्टी शोधतो आणि तीच बँडला लावतो. पेटीवर पट्टी बदलायला कष्ट नाहीत. बँडची गोष्ट वेगळी. ट्रम्पेट, क्लॅरिनेट बी फ्लॅटची वाद्यं आहेत. त्यांच्या कागदावर सी लिहिलं की कानाला बी फ्लॅट, म्हणजे आपली काळी पाच (पेटीच्या सप्तकातली पाचवी काळी पट्टी) ऐकू येते. हॉर्न आणि आल्टो सॅक्सच्या कागदावर सी लिहिलं की काळी दोन वाजते. एखादं सिनेमाचं गाणं गिटारवाल्याच्या सोयीने पांढरी तीनमध्ये असेल आणि तुम्ही तीच पट्टी धरलीत, तर ट्रम्पेटच्या कागदावर सहा शार्प येतील आणि आल्टो सॅक्सच्या कागदावर सात. पांढरी दोन घेतलीत तरी ट्रम्पेटला चार आणि सॅक्सला पाच. शेतातलं काम उरकून संध्याकाळी तालमीला येणाऱ्या माणसापुढे असा कागद ठेवणं हा छळ आहे.

बँडच्या पट्ट्या मोजक्याच. काळी पाच, काळी दोन, पांढरी चार, काळी चार, आणि अडलंच तर काळी एक. काळी एक ऐकायला अवघड वाटते, पण ट्रम्पेटला तीन फ्लॅट आणि हॉर्नला दोन, इतकंच येतं. गायकाच्या काळी एकची गाणी त्यामुळे निभावतात.

या सगळ्यांत आपल्या चालींसाठी मी काळी दोनला पहिला मान देतो, आणि त्याला कारण आहे. अभंग असो, भावगीत असो, नाट्यपद असो, चाल बहुतेक वेळा मंद्र (खालच्या सप्तकातल्या) पंचमापासून तार (वरच्या सप्तकातल्या) गंधारापर्यंत फिरते. सा काळी दोनला ठेवला की ट्रम्पेटच्या कागदावर सा म्हणजे एफ. मंद्र पंचम मधल्या सी वर येतो आणि तार गंधार वरच्या ए वर. वर ट्रम्पेटची जी रस्त्यावरची हद्द सांगितली, तिच्यात चाल नेमकी बसते. हीच चाल काळी पाचला घेतली तर मंद्र पंचम खालच्या जी वर जातो आणि मुखड्याची सुरुवातच हरवते. पांढरी चारला घेतली तर तार गंधार बी वर जातो आणि अंतऱ्यात ट्रम्पेटवाल्याचा चेहरा लाल होतो. चाल तार मध्यमाला शिवत असेल तर मात्र काळी एकवर उतरा. हॉर्नवाल्यांना काळी दोनमध्ये सा थेट सी वर मिळतो, त्याहून सोपं काही नाही.

पट्टी ठरवताना बोटांकडेही एक नजर टाका. तीन पिस्टनच्या कुठल्याही वाद्यात पहिलं आणि तिसरं पिस्टन एकत्र दाबलं की स्वर थोडा चढा येतो, आणि तिन्ही दाबले की चांगलाच चढा. प्रत्येक पिस्टन ठरलेल्या लांबीची नळी जोडतं, पण आधीच लांब झालेल्या नळीला तेवढी लांबी पुरत नाही. ट्रम्पेटवर खालचा डी आणि त्याखालचा सी शार्प हे ते दोन स्वर. चांगल्या वाद्याला तिसऱ्या पिस्टनची नळी बोटाने पुढे सरकवता येते. आपल्याकडच्या जुन्या मेरठच्या वाद्यांवर ती नळी बहुधा घट्ट बसलेली असते, कोणी तेल घातलेलं नसतं. म्हणून या दोन स्वरांवर चाल थांबवू नका. जाता जाता आले तर कळत नाहीत, दोन मात्रा थांबले की कळतात. काळी एकमध्ये मंद्र निषाद नेमका त्या डी वर पडतो, तेव्हा निषादावर विसावणारी चाल त्या पट्टीत नको.

उलट एक गोष्ट आपल्या बाजूची आहे. काळी पाचमध्ये सा सी वर असतो, आणि वरच्या सप्तकातला ई पिस्टन न दाबता निघतो. तो नळीचा पाचवा स्वयंभू स्वर. पेटीच्या गंधारापेक्षा तो सुमारे १४ सेंट, म्हणजे अर्ध्या स्वराचा सातवा हिस्सा, खाली असतो. पाश्चात्त्य मास्तर पोरांना तो ओढून वर घ्यायला सांगतात. पण मिरजेचा चांगला जुळलेला तंबोरा छेडला की खर्जाच्या तारेतून जो गंधार आपोआप ऐकू येतो, तो हाच. सोबत कॅसिओ नसेल तर पोरांना तो ओढायला लावू नका, युफोनियमच्या लांब सा वर तो फार गोड बसतो. कॅसिओ असेल तर मात्र ओढावा लागेल, नाहीतर दोघांची भांडणं ऐकू येतील.

कॅसिओचा विषय निघालाच आहे तर एवढं सांगून ठेवतो. वैशाखातल्या दुपारी वरातीत फुंकवाद्यं चढतात आणि कॅसिओ आहे तिथेच राहतो. ट्यूनिंगची नळी ओढून घ्यायला थोडा अवधी लागतो. म्हणून प्रत्येक दोन-तीन गाण्यांनंतर फक्त ताशा-ढोल वाजेल अशी जागा लिहूनच ठेवा. तेवढ्यात नळ्या ओढून होतात आणि लोकांना नाचायलाही मिळतं.

आता चाल आणि तिचा भराव. आपल्या संगीतात चाल हीच राणी. इंग्रजी पुस्तकं वाचून आलेली पोरं प्रत्येक मात्रेखाली तीन-तीन स्वरांच्या संगती भरतात, आणि राग मरतो. भीमपलासीवर आधारलेला अभंग घ्या. त्यात गंधार आणि निषाद कोमल. पंचमावर आलं की सवयीने प, शुद्ध नी, रे अशी संगती लावली जाते, कारण पुस्तकात तसं असतं. तो शुद्ध निषाद कानावर पडला की अभंगाचा भाव उतरतो आणि ऐकणाऱ्याला का ते कळत नाही. तिथे कोमल नी, रे, म लावा. मध्यमावर म, ध, सा. मुखडा सा, कोमल ग, प वर. एवढ्या तीन संगतींवर अख्खा अभंग निघतो. यमनमध्ये रे, तीव्र म, ध ही संगती सुरेख वाजते, पण ती जपून, अंतऱ्यात एकदाच वापरा. दर ओळीला आली की गाणं सिनेमाचं वाटायला लागतं. भूप किंवा दुर्गासारख्या पाच स्वरांच्या रागात वर्ज्य स्वर भरावातही आणू नका. लोकांना संगत पोकळ वाटेल अशी भीती बाळगू नका. खुली पंचमाची जोडी पितळी वाद्यांवर भरभक्कम वाजते.

एक छोटा नमुना देतो, वहीत उतरवून घ्या. केरव्याची दोन आवर्तनं, भूप, सा काळी दोन. चाल समजा अशी आहे: सा रे ग प, मग ग वर चार मात्रा, पुढे रे ग प ध, मग प वर चार मात्रा. पहिल्या ट्रम्पेटच्या कागदावर एफ जी ए सी, मग लांब ए, पुढे जी ए सी डी, मग लांब सी. दुसरा ट्रम्पेट हेच वाजवेल, पण लांब स्वरावर तो थांबेल आणि श्वास घेईल. पहिला युफोनियम चाल चालू असताना गप्प. ट्रम्पेट ग वर थांबला की तो बोलतो: प ध सां ध, म्हणजे त्याच्या ट्रेबल कागदावर सी डी एफ डी. ट्रम्पेट प वर थांबला की सां ध प ग, म्हणजे एफ डी सी ए. हॉर्न दोघे मात्रेच्या मागच्या अर्ध्यावर, एकाला सा एकाला ग. तिसऱ्या चौकात (चार मात्रांचा एक चौक) रे आणि प, चौथ्यात पुन्हा सा आणि ग. त्यांच्या कागदावर ते सी-ई, डी-जी, सी-ई असं पडतं. दुसरा युफोनियम आणि ट्रॉम्बोन पहिल्या मात्रेला सा, तिसऱ्या मात्रेला खालचा प. तिसऱ्या चौकात उलटं करा, आधी प, मग रे. झालं. पाच ओळी, आणि अकरापैकी सात जण कामाला लागले. क्लॅरिनेट, सॅक्स आणि शिकणारा पोरगा अजून मोकळे आहेत.

ते मोकळे आहेत म्हणून लगेच भरू नका. क्लॅरिनेट तुमची राखीव फौज. ट्रम्पेटवाल्याचे ओठ बसतात, क्लॅरिनेटवाल्याचे त्या मानाने टिकतात. वरात चार तास चालते. ज्या कागदावर ट्रम्पेटला मोकळी जागाच नाही, तो कागद तिसऱ्या गाण्यानंतर कोणी वाजवू शकत नाही. माझा हिशेब असा, की पहिल्या ट्रम्पेटच्या कागदाचा निदान तिसरा हिस्सा रिकामा हवा. तो हिस्सा क्लॅरिनेट आणि सॅक्सचा. मुखडा एकदा ट्रम्पेटने, दुसऱ्यांदा क्लॅरिनेट-सॅक्सने, अंतरा सगळ्यांनी. क्लॅरिनेटला मुखड्यात ट्रम्पेटच्या एक सप्तक वर लिहा, खालच्या सप्तकातला त्याचा मऊ आवाज रस्त्यावर चार पावलांपुढे जात नाही. अंतऱ्यात मात्र ट्रम्पेटच्या बरोबरीनेच ठेवा, कारण तिथे सप्तक वर नेलं तर तार गंधार किंचाळतो. सॅक्सवाला चालीत असेल तर हॉर्नचा कागद त्याला नको. तो हॉर्नचा तिसरा माणूस म्हणूनही चालतो, पण चांगला सॅक्सवाला मागच्या अर्ध्या मात्रा वाजवत बसवणं म्हणजे वाया घालवणं.

मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर न तुटता जाणं, कोणाला द्यायची हेही इथेच ठरवा. पिस्टनच्या वाद्यावर मींड म्हणजे अर्धं पिस्टन दाबून काढलेली कसरत. क्वचित रंगते, बहुधा घसरते. क्लॅरिनेटवाल्याचं बोट तयार असेल तर मींड त्याची. ट्रॉम्बोन तर त्यासाठीच जन्माला आलाय, पण आपल्याकडे त्याला बेसला जुंपून ठेवतात. अंतऱ्यातली एक ओळ त्याला सुटी द्या, तेवढ्यापुरता बेस दुसरा युफोनियम एकटा सांभाळेल. मुरकी (झटकन घेतलेला दोन-चार स्वरांचा झोका) मात्र ट्रम्पेटवर झकास निघते. ती छोट्या स्वरांत लिहून द्या, "इथे हरकत घ्या" असं लिहून मोकळे होऊ नका. तिघांनी तीन हरकती घेतल्या की काय होतं ते तुम्हाला ठाऊक आहे.

आता रस्ता. हॉलमधल्या बँडला गाणं कुठे संपणार ते माहीत असतं. वरातीला ते कधीच माहीत नसतं. नवरदेवाचा मामा घोड्यापुढे नाचायला लागला की मुखडा आठ वेळा फिरतो, आणि पुढे ट्रॅक्टर अडकला असेल तर दहा वेळा. म्हणून गाणं सरळ रेषेत लिहूच नका. आठ-आठ चौकांचे तुकडे करा आणि प्रत्येक तुकडा असा बांधा की तो कुठल्याही तुकड्यानंतर येऊ शकेल. म्हणजे प्रत्येक तुकड्याचा शेवट सा वर किंवा प वर, आणि शेवटच्या दोन मात्रा ट्रम्पेट मोकळे. त्या दोन मात्रांत तुम्ही हात वर करून खूण करणार. मूठ म्हणजे पुन्हा मुखडा, दोन बोटं म्हणजे अंतरा, तळहात खाली म्हणजे ताशावर सोडा. तुकड्यांना अ, ब, क अशी मोठी अक्षरं द्या, चौकट करून. शेवटाचा तुकडा वेगळा लिहा, चार चौकांचाच, म्हणजे कुठूनही त्यात उडी मारता येते.

रस्त्याची रुंदीही कागदावर उतरते. युफोनियमचं तोंड वर असतं, ट्रम्पेटचं पुढे. साताऱ्याच्या राजपथावर किंवा सांगलीच्या हरभट रोडवर दोन्ही बाजूंना इमारती, तिथे युफोनियमचा आवाज भिंतींवरून परत येतो आणि मघाचं प ध सां ध मस्त ऐकू येतं. पालच्या यात्रेत नदीकाठच्या मोकळ्या जागेत तोच आवाज आभाळात जातो. तिथे ती ओळ युफोनियमसोबत दुसऱ्या ट्रम्पेटलाही द्यायची, म्हणून ती त्याच्या कागदावर लहान स्वरांत छापून ठेवा. गरज असेल तिथे तो वाजवेल, एरवी श्वास घेईल.

ताल. केरवा आणि भजनी ठेका चालत्या पायांना सोयीचे, आठ मात्रा, डावा-उजवा बरोबर जुळतो. दादरा सहाचा, तो सहा-आठच्या मार्चसारखा दोन पावलांत लिहा. रूपक चालत वाजवायच्या गाण्यात घेऊ नका. सात मात्रांमुळे सम (आवर्तनाची पहिली मात्रा) एकदा डाव्या पायावर येते आणि पुढच्या आवर्तनात उजव्या. उभ्याने वाजवायचं असेल तर खुशाल घ्या. शाळेच्या पोरांबरोबर लेझीम असेल तर आठच्या पलीकडे जाऊच नका. वेगाचं म्हणाल तर परेडचा मार्च मिनिटाला सुमारे १२० पावलांचा असतो. त्या वेगात अभंग वाजवला की लोक हात जोडत नाहीत, धावायला लागतात. अभंगाला त्याच्या निम्म्याहून थोडा जास्त वेग पुरतो.

ताशा-ढोलवाल्यांसाठी प्रत्येक ठोका लिहीत बसू नका. ते वाचत नाहीत आणि त्यांना गरजही नाही. त्यांच्या कार्डावर फक्त तुकड्यांची अक्षरं, ठेक्याचं नाव आणि कुठे थांबायचं तेवढं. साइड ड्रमवाला वाचत असेल तर त्याला अंतऱ्याआधीच्या दोन मात्रांचा रोल लिहून द्या, बाकी त्याच्यावर सोडा.

श्वासाच्या खुणा मात्र सगळ्या फुंकणाऱ्यांच्या कागदावर हव्यातच. एकाच ओळीवर दोघे असतील तर दोघांची खूण वेगवेगळ्या जागी ठेवा, म्हणजे ओळ तुटत नाही. हे छापील संचांत क्वचितच असतं, कारण तिथे एका ओळीवर चार-चार माणसं असतात.

कागद कसा असावा? परेडच्या कार्डांचा आकार साधारण पाच बाय सात इंच असतो, वाद्याला लावलेल्या क्लिपमध्ये तेवढंच बसतं. एक गाणं, एक कार्ड, पान उलटणं नाही. स्वर मोठे, शाई काळी, वरून प्लास्टिक. रात्री गाडीवरच्या दिव्याच्या उजेडात घाम पुसत वाचायचं असतं, हे लक्षात ठेवून अक्षर काढा.

तुमच्यातले तिघे-चौघे स्टाफ नोटेशन (पाच रेघांवरचं पाश्चात्त्य लेखन) वाचत नसतील, असा माझा अंदाज आहे. वाईट वाटून घेऊ नका. स्वर लिहून ठेवायची सवय या भागाला नवी नाही. विष्णू दिगंबर पलुस्कर कुरुंदवाडचे, शिकले मिरजेत, आणि त्यांनी स्वतःची स्वरलेखन पद्धत केली. आज शिक्षणात जास्त चालते ती भातखंड्यांची: कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, मंद्राला खाली टिंब, ताराला वर टिंब. तीच वापरा. सरगमचा बँडसाठी एक मोठा फायदा आहे. स्टाफवर लिहिलं तर बी फ्लॅट आणि ई फ्लॅट वाद्यांचे कागद वेगळे करावे लागतात. सरगममध्ये चाल सगळ्यांची एकच, फक्त कार्डाच्या डोक्यावर सा कुठला ते लिहायचं. ट्रम्पेट, क्लॅरिनेट आणि ट्रेबलवाल्या युफोनियमला "सा = एफ", हॉर्न आणि आल्टो सॅक्सला "सा = सी", बेस क्लेफ वाचणाऱ्या ट्रॉम्बोनला "सा = ई फ्लॅट". मी तरुण पोरांच्या कार्डावर वर स्टाफ आणि खाली सरगम अशा दोन्ही ओळी ठेवतो. वर्षभरात त्यांची नजर आपोआप वरच्या ओळीवर सरकते.

संगणकावर लिहायचं तर म्यूझस्कोअर फुकट आहे आणि तुमच्या कामाला पुरेसं आहे. त्यात वाद्यं निवडताना काळजी घ्या. युफोनियम ट्रेबल आणि बेस क्लेफ असा दोन तऱ्हेने मिळतो, चुकीचा घेतला की सगळा कागद वाकडा. आपण ज्याला नुसतं हॉर्न म्हणतो तो ई फ्लॅटवाला. इंग्लंडात त्यालाच टेनर हॉर्न म्हणतात आणि अमेरिकेत आल्टो हॉर्न. फ्रेंच हॉर्न घेऊ नका, ते एफ चं वाद्य. सगळं कॉन्सर्ट पिचमध्ये लिहा, म्हणजे काळी दोनचा सा सगळीकडे ई फ्लॅटच दिसेल. तपासून झालं की कॉन्सर्ट पिचचं बटण बंद करा, प्रत्येकाचा कागद आपोआप त्याच्या वाद्याच्या स्वरांत येतो. संगणकावर ऐकून मात्र निर्णय घेऊ नका. तिथला ट्रम्पेट कधी दमत नाही आणि त्याला श्वासही लागत नाही.

हक्कांबद्दलही तुम्ही विचारलंय. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये धार्मिक समारंभातल्या वादनाला सूट आहे, आणि लग्नाची वरात व लग्नाशी जोडलेले सामाजिक सोहळे त्यात धरलेले आहेत. म्हणजे वरातीत वाजवण्यापुरती काळजी नाही. पण नोटेशन बसवणं, म्हणजे एखाद्या चालीची वेगळी मांडणी करणं, हे कायद्याने रूपांतरात मोडतं आणि त्याचा हक्क मूळ संगीतकाराचा. मृत्यूनंतर ६० वर्षांपर्यंत तो चालतो. तुमची मांडणी विकायची किंवा छापायची असेल तर परवानगी लागेल. संतांचे अभंग जुने, शब्दांवर हक्क कोणाचा नाही, पण एखाद्या संगीतकाराने लावलेली चाल त्याची असू शकते. भजनी मंडळात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या पारंपरिक चाली घ्या, तिथे ही अडचण येत नाही. आणि राष्ट्रगीत स्वतः सजवायच्या भानगडीत पडू नका. पूर्ण राष्ट्रगीत सुमारे ५२ सेकंदांत, प्रचलित चालीत, सरळ वाजवायचं. शाळेच्या १५ ऑगस्टच्या सुपारीला तेवढं पुरतं.

पहिलं गाणं म्हणून गावातल्या भजनी मंडळाची रोजची, सगळ्यांच्या कानात बसलेली एखादी चाल घ्या, भूप किंवा भीमपलासी अंगाची. ती मंडळाकडून मोबाइलवर टिपून आणा आणि आधी सरगममध्ये उतरवा. मग सा काळी दोनला लावा, हद्द तपासा, तुकडे पाडा, आणि वर दिलेल्या नमुन्यासारख्या पाच ओळी लिहा. सहावी ओळ लिहायची खुमखुमी आली तरी महिनाभर थांबा.

तालमीला पहिल्या दिवशी फक्त दुसरा युफोनियम, ट्रॉम्बोन, हॉर्न आणि बेस ड्रम घ्या. चाल न वाजवता सगळे तुकडे फिरवून पाहा, तुमच्या हाताच्या खुणांवर उड्या मारून पाहा. हे चार-पाच जण न अडखळता फिरले की मग पहिला युफोनियम, मग क्लॅरिनेट आणि सॅक्स. ट्रम्पेटवाल्यांना त्या दिवशी तासभर उशिराच बोलवा. ते आधी आले की इतर कोणाचं काही ऐकू येत नाही.